स्पंदन आणि कार्य : रोपित हृदयाच्या मापनपद्धतींचा इतिहास

जानेवारी २०१६ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मस्तिष्कमृत घोषित झालेल्या एका दात्याचे हृदय विमानाने मुंबईस नेण्यात आले व तेथील एका रुग्णाच्या वक्षात त्याचे रोपण करण्यात आले. रुग्णवाहिकेसाठी शहरातील रस्ता मोकळा ठेवण्यात आला होता. शरीराबाहेर काढून थंड ठेवलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत ग्राहीच्या रक्ताभिसरणास जोडावे लागते. त्यामुळे शेकडो किलोमीटरांचे अंतर तोडताना प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवला जाणे स्वाभाविक होते. मराठवाड्याने अशा घटना प्रथमच पाहिल्या, आणि सर्वांचे लक्ष अर्थातच घड्याळाकडे लागले.

परंतु घड्याळाने मोजता येतो तो केवळ काल. हृदय नव्या वक्षात जोडल्यावर ते धडधडू लागले म्हणजे सर्व काही साधले, अशी सर्वसाधारण समजूत असते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत अपुरी आहे. स्पंदनावरून हृदय जिवंत आहे एवढेच सिद्ध होते. ते शरीरास पुरेसे रक्त पुरवीत आहे किंवा नाही हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. हृदयारोपणाचा इतिहास सामान्यतः शल्यविशारदांच्या धाडसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो तितकाच मापनाचाही इतिहास आहे. रोपित हृदयाचे कार्य नेमके कशाने मोजावे, हे ठरविण्यास विज्ञानास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६८ साली झालेले दोन प्रयत्न या इतिहासात विशेष बोधप्रद ठरतात, ते याच कारणास्तव. प्रस्तुत निबंधात या मापनपद्धतींचा क्रमशः विचार केला आहे.

१. शरीराबाहेरील हृदय

हृदय शरीरापासून वेगळे करूनही त्याचे निरीक्षण करता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. १८९५ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी सस्तन प्राण्याचे हृदय काढून त्याच्या महारोहिणीत उलट दिशेने पोषक द्रव सोडण्याची युक्ती योजिली. महारोहिणीची झडप त्या दाबाने मिटते, द्रव हृदयाच्या स्वतःच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिण्यांत शिरतो आणि हृदय तासन्‌तास धडधडत राहते. या पद्धतीत हृदयाचा स्नायू पोसला जातो, पण डाव्या जवनिकेत रक्त भरत नाही आणि तिला काही बाहेर फेकावेही लागत नाही. हृदय आकुंचन पावते, परंतु कार्य करीत नाही. पुढील सव्वाशे वर्षांत ही मर्यादा वेगवेगळ्या रूपांत पुन्हापुन्हा समोर आली, म्हणून ती येथेच ध्यानात घ्यावयास हवी.

याच काळात जर्मनीत ओटो फ्रांक यांनी बेडकाच्या हृदयावर, तर इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदय-फुप्फुस सिद्धतेवर प्रयोग केले. स्टार्लिंग यांच्या १९१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कार्यातून एक नियम प्रस्थापित झाला. आकुंचनापूर्वी हृदयाचा स्नायू जितका ताणला जाईल तितक्या जोराने, अर्थात विशिष्ट मर्यादेपर्यंत, तो आकुंचन पावतो. म्हणजेच हृदयात येणारे रक्त वाढले की बाहेर फेकले जाणारे रक्तही वाढते. मज्जातंतूंची आज्ञा नसतानाही हृदय आपले काम कमीअधिक करू शकते, हे यावरून स्पष्ट झाले.

या नियमाचा मापनाच्या दृष्टीने एक अडचणीचा उपसिद्धांत आहे. मोटेच्या विहिरीवर बैलाची ताकद किती, हे केवळ दिवसभरात निघालेल्या मोटा मोजून ठरविता येत नाही. मोट प्रत्येक वेळी किती भरत होती आणि पाणी किती खोलीवरून ओढावे लागत होते, हेही विचारावे लागते. हृदयाचेही तसेच आहे. दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त कमी असेल, तर त्याचा दोष स्नायूच्या दुर्बलतेकडे जाईल, अपुऱ्या भरण्याकडे जाईल, किंवा पुढील मार्गातील अवरोधाकडेही जाईल. हे तीन घटक एकमेकांपासून वेगळे कसे करावेत, हाच रोपित हृदयाच्या मापनातील मूळ प्रश्न होय.

२. मानेतील हृदय व बोटाची परीक्षा

हृदय एका प्राण्यातून दुसऱ्यात रोपण करण्याचा पहिला नमूद प्रयत्न १९०५ साली शिकागो येथे आलेक्सी कारेल आणि चार्ल्स गथ्री यांनी केला. लहान कुत्र्याचे हृदय मोठ्या कुत्र्याच्या मानेतील रक्तवाहिन्यांस जोडण्यात आले. ते सुमारे तासाभराने धडधडू लागले व काही वेळाने रक्त गोठल्यामुळे थांबले. या प्रयोगाचे खरे महत्त्व रक्तवाहिन्या शिवण्याच्या कौशल्यात होते. मापन असे त्यात फारसे नव्हते. हृदय चालते की नाही, हे डोळ्यांनी पाहावयाचे एवढेच.

१९३३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील फ्रँक मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग अधिक पद्धतशीरपणे केला. दात्याची महारोहिणी ग्राहीच्या मानेतील रोहिणीस आणि फुप्फुसरोहिणी मानेतील नीलेस जोडण्यात आली. रोहिणीतील रक्त हृद्‌रोहिण्यांतून स्नायूत जाई, तेथून उजव्या कर्णिकेत येई आणि उजवी जवनिका ते नीलेत ढकली. मानेच्या कातडीखाली असलेले हे हृदय बोटाने चाचपून पाहता येई व त्याचा विद्युत्-हृल्लेखही घेता येई. सरासरी चार दिवस आणि अधिकात अधिक आठ दिवस ही हृदये चालली. शिवणकाम निर्दोष असूनही ती थांबत, यावरून अपयशाचे कारण शस्त्रक्रियेत नसून ग्राहीच्या शरीराच्या प्रतिक्रियेत आहे, असा महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. पुढे ज्यास अस्वीकार म्हटले गेले, ती हीच प्रतिक्रिया होय.

मान यांची रचना पुढे लहान प्राण्यांत उतरली. १९६४ साली अ‍ॅबट व सहकाऱ्यांनी उंदराच्या उदरात हृदय रोपण करण्याची पद्धत वर्णिली आणि १९६९ साली ओनो व लिंडसे यांनी तिच्यात सुधारणा केली. ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. संशोधक दररोज उंदराच्या पोटावर बोट ठेवून ठोक्याच्या जोराला गुण देतो, आणि ठोका लागेनासा झाला तो दिवस अस्वीकाराचा म्हणून नोंदतो. औषधांची परस्पर तुलना करण्यास ही पद्धत सोपी व उपयुक्त आहे. पण या हृदयाची डावी जवनिका लांगेनडॉर्फ यांच्या हृदयाप्रमाणेच जवळजवळ रिकामी असते. ग्राहीचे प्राण तिच्यावर अवलंबून नसतात. अशा हृदयाच्या स्पंदनावरून त्याच्या कार्याविषयी निर्णय देणे, हे रिकामी मोट ओढणाऱ्या बैलाच्या ताकदीविषयी निर्णय देण्यासारखे होईल.

३. स्वस्थानी रोपण : ग्राही हेच मापनयंत्र

खरी परीक्षा व्हावयाची तर रोपित हृदयावर संपूर्ण शरीराचा भार टाकणे आवश्यक होते. मॉस्को येथे व्लादिमिर देमिखोव यांनी १९४० व १९५० च्या दशकांत कुत्र्यांच्या वक्षात हृदयरोपणाचे अनेक प्रयोग केले. तथापि प्रमाणभूत ठरली ती स्टॅनफर्ड येथील रिचर्ड लोअर आणि नॉर्मन शमवे यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली पद्धत. ग्राहीचे रक्ताभिसरण यंत्रावर ठेवून, त्याच्या कर्णिकांचा मागील भाग तसाच राखून, दात्याचे थंड लवणजलात ठेवलेले हृदय त्याला शिवण्यात आले. आठ कुत्र्यांपैकी पाच कुत्रे ६ ते २१ दिवस जगले. ते खात, हिंडत-फिरत. येथे प्रथमच रोपित हृदयाच्या कार्याचे निर्विवाद मापन झाले असे म्हणावयास हरकत नाही, कारण ग्राही जगणे हेच मापन होते.

परंतु हे मापन उशिरा कळणारे होते. कुत्रा मेला म्हणजे हृदय निकामी झाले हे समजे. ते निकामी होत चालले आहे, हे आधी कसे ओळखावे? या प्रश्नास स्टॅनफर्डच्या गटाने १९६५-६६ च्या सुमारास उत्तर दिले. अस्वीकार सुरू झाला की हृदयाच्या स्नायूस सूज येते आणि विद्युत्-हृल्लेखातील मुख्य लहरींची उंची घटते. ती घटलेली दिसताच अस्वीकाररोधक औषधांची मात्रा वाढविली, तर लहरी पुन्हा उंचावतात व प्राणी वाचू शकतो. कागदावरील रेषा पाहून उपचार ठरविण्याची सोय यामुळे झाली. मानवी ग्राहींच्या बाबतीतही प्रारंभीची अनेक वर्षे हीच खूण उपयोगात होती. १९८० नंतर सायक्लोस्पोरिनचा वापर सुरू झाल्यावर सूज कमी येऊ लागली आणि ही खूण पूर्वीइतकी विश्वसनीय राहिली नाही. तोवर दुसरे साधन हाती आले होते. १९७३ साली फिलिप केव्हज यांनी स्टॅनफर्ड येथे मानेतील नीलेतून लवचीक चिमटा घालून उजव्या जवनिकेचा सूक्ष्म तुकडा काढण्याची रीत रूढ केली. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अस्वीकाराची पायरी ठरविता येऊ लागली. मात्र अशी परीक्षा स्नायूच्या रचनेविषयी सांगते, त्याच्या कार्याविषयी नव्हे, हा भेद विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न मज्जातंतूंचा होता. रोपणात हृदयाकडे जाणारे सर्व मज्जातंतू छेदले जातात. असे हृदय श्रमाच्या वेळी शरीराची गरज भागवू शकेल काय? याचे सर्वांत बोलके उत्तर शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांनी दिले. डेव्हिड डोनाल्ड, जॉन शेपर्ड व सहकाऱ्यांनी १९६४ साली असे दाखविले की, हृदयाचे मज्जातंतू छेदलेले कुत्रेही जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने धावतात. १९६८ साली डोनाल्ड यांच्या गटाने त्यापुढे जाऊन अशा कुत्र्यांस रक्तातील उत्तेजक संप्रेरकांचा परिणाम रोखणारे औषध दिले. तेव्हा मात्र त्यांची धाव स्पष्टपणे मंदावली. म्हणजे मज्जातंतू नसताना हृदय आधी स्टार्लिंग यांच्या नियमाच्या आणि मग संप्रेरकांच्या साहाय्याने काम वाढविते. हृदयारोपण झालेल्या रुग्णाची नाडी जिना चढताना लगेच जलद होत नाही आणि विसाव्यानंतरही काही वेळ जलद राहते. त्याचे कारण हेच होय.

४. परळ येथील प्रयोग व १९६८ चे दोन प्रयत्न

या जागतिक प्रयत्नांत मुंबईचा वाटा दुय्यम नव्हता. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न असलेले के. ई. एम. रुग्णालय येथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशल्यशास्त्राचा पाया घातला होता. हे रुग्णालय महानगरपालिकेचे, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी चालविले जाणारे. तेथे सेन, डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. एस. आर. पांडे आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किणरे यांनी कुत्र्यांवर हृदयारोपणाचे प्रयोग केले. अशा १०० प्रयोगांचा प्राथमिक वृत्तांत त्यांनी १९६५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले, त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परळच्या गटाने बर्नार्ड यांची बातमी ऐकून घाईने शस्त्रे हाती घेतली, असे म्हणणे यास्तव अन्यायाचे ठरेल.

१६-१७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री सेन यांनी मानवी हृदयारोपण केले. मानवी दात्याच्या हृदयाचे हे जगातील सहावे रोपण होते आणि असे रोपण करणारे सेन हे चौथे शल्यविशारद होत. रोपित हृदय धडधडू लागले, परंतु ग्राही सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो ग्राही सुमारे चौदा तास जगला. अस्वीकाराची प्रतिक्रिया प्रगट होण्यास सामान्यतः याहून अधिक काळ लागतो. मग हृदय का टिकले नाही? या प्रयत्नांविषयीच्या वैद्यकीय लेखनात अपयशाचे कारण म्हणून ग्राहीच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध नोंदला गेला आहे.

या कारणाचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. दीर्घकाळ दुर्बल असलेल्या डाव्या हृदयामागे रक्त तुंबते. तो दाब फुप्फुसांतील वाहिन्यांवर पडतो आणि कालांतराने त्या आकसून जाडभिंतीच्या होतात. रुग्णाची स्वतःची उजवी जवनिका हा भार वर्षानुवर्षे सोसता सोसता जाड व बळकट झालेली असते. दात्याच्या हृदयातील उजवी जवनिका मात्र निरोगी फुप्फुसांची सवय असलेली, पातळ भिंतीची असते. तिला एकाएकी या आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि ती फुगून निकामी होते. डाव्या जवनिकेकडे मग रक्तच पोचत नाही. हृदय चांगले, शिवण चांगली, तरीही रुग्ण दगावतो.

हा धोका कुत्र्यांवरील प्रयोगांत का दिसून आला नाही? त्याचे उत्तर प्रयोगाच्या रचनेतच आहे. परळ असो वा स्टॅनफर्ड, प्रयोगशाळेतील ग्राही कुत्रा हा निरोगी प्राणी होता आणि त्याच्या फुप्फुसांतील रोध प्राकृत होता. ज्या विहिरीवर मोट जोडून पाहिली ती उथळ होती, आणि ज्या विहिरीवर ती प्रत्यक्ष चालवावयाची होती ती खोल. प्रयोगाने जे विचारले त्याचे उत्तर अचूक मिळाले, परंतु रुग्णशय्येवरील प्रश्न त्याहून निराळा होता. हा दोष एखाद्या गटाचा नव्हे. हृदयारोपणाच्या समग्र प्रायोगिक परंपरेतच ही उणीव होती. तिची किंमत मात्र शस्त्रक्रियेच्या मेजावर असलेल्या माणसांनी मोजली.

५. रोधाचे गणित

फुप्फुसीय वाहिनीरोध मोजण्याचे सूत्र साधे आहे. फुप्फुसरोहिणीतील सरासरी दाबातून डाव्या कर्णिकेतील दाब वजा करावा आणि बाकीस दर मिनिटास वाहणाऱ्या रक्ताच्या लिटरांनी भागावे. येणाऱ्या अंकास ब्रिटिश हृद्‌रोगतज्ज्ञ पॉल वुड यांच्या नावावरून वुड एकक म्हणतात. निरोगी माणसात हे दाब समजा अनुक्रमे १५ व १० मिलिमीटर पारा आणि प्रवाह ५ लिटर असेल, तर रोध १ एकक येतो. दीर्घकालीन हृद्‌रोग्यात हेच आकडे ४५, २० व ४ असल्यास रोध ६·२५ येतो, म्हणजे सहापटीहून अधिक. केवळ ४५ हा दाब पाहून रोधाचा निर्णय करता येत नाही, कारण तोच दाब डाव्या बाजूस तुंबलेल्या रक्तानेही येऊ शकतो. प्रवाह मोजल्याविना हा भेद कळत नाही. प्रवाह मोजण्याचे तत्त्व आडोल्फ फिक यांनी १८७० सालीच सांगितले होते. परंतु रुग्णशय्येपाशी दाब आणि प्रवाह या दोहोंचे वारंवार मापन सुलभ झाले ते १९७० साली स्वान व गांझ यांनी टोकाशी फुगा असलेली नलिका प्रचारात आणल्यानंतर. परळचे दोन्ही प्रयत्न त्यापूर्वीचे आहेत.

पुढे ग्राही निवडताना या रोधाचे मापन अनिवार्य झाले. तो ५ वुड एककांच्या वर असेल आणि औषधांनी उतरत नसेल, तर केवळ हृदयाचे रोपण धोक्याचे मानले जाते. रोपणापूर्वी हा अंक घेणे, ही आज नित्याची बाब आहे.

६. दाब-आकारमान वलय

आता स्नायूचे स्वतःचे सामर्थ्य भरण्यापासून व भारापासून वेगळे कसे करावे, हा प्रश्न उरला. त्यास मोलाची चालना जपानी शास्त्रज्ञ हिरोयुकी सुगा आणि बाल्टिमोर येथील किइची सागावा यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनाने मिळाली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात जवनिकेतील दाब आणि आकारमान आलेखावर मांडले असता एक बंद वलय तयार होते. महानीलेस क्षणभर आवळून भरणे कमी केले, तर वलये क्रमाने लहान होत जातात. त्यांचे वरचे कोपरे मात्र जवळजवळ एकाच सरळ रेषेवर येतात, आणि त्या रेषेचा चढ स्नायूच्या सामर्थ्याचा निदर्शक असतो. १९८५ साली ड्यूक विद्यापीठातील ग्लोअर व सहकाऱ्यांनी वलयाचे क्षेत्रफळ, म्हणजे ठोक्यामागील काम, आणि आकुंचनापूर्वीचे आकारमान यांच्यातील रेषीय संबंध दाखवून आणखी एक स्थिर मापक दिला. जवनिकेचे आकारमान अखंड मोजण्यासाठी नेदरलँड्समधील यान बान व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात विद्युत्‌वाहकतेवर चालणारी नलिका विकसित केली. मोटेचे भरणे, विहिरीची खोली आणि बैलाची ताकद ही तिन्ही आता स्वतंत्रपणे वाचता येऊ लागली.

या साधनांनी दोन जुने प्रश्न नव्याने विचारण्यात आले. पहिला प्रश्न दात्याविषयीचा. मस्तिष्कमृत्यूच्या वेळी शरीरात उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा येतो व हृदयाच्या स्नायूस इजा होते, हे केपटाउन येथे नोव्हित्झकी, कूपर व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बबून माकडांवरील प्रयोगांनी दाखविले होते. निरोगी प्राण्याचे हृदय काढून केलेल्या पूर्वीच्या प्रयोगांत हाही घटक नव्हता. दुसरा प्रश्न ग्राहीविषयीचा, म्हणजे १९६८ साली परळ येथे उभा राहिलेलाच. १९९० च्या दशकात ड्यूक विद्यापीठातील चेन, बिटनर, व्हॅन ट्रिग्ट व सहकाऱ्यांनी मोनोक्रोटॅलिनपासून तयार केलेल्या द्रव्याने कुत्र्यांत फुप्फुसीय रोध मुद्दाम वाढविला, अशा ग्राहींत हृदय रोपण केले आणि उजव्या जवनिकेचे सामर्थ्य मोजले. खोल विहिरीवरील हा प्रयोग परळच्या दुःखद अनुभवानंतर जवळजवळ तीन दशकांनी झाला. रुग्णशय्येवर आधी आणि प्रयोगशाळेत नंतर, असा हा उलटा क्रम वैद्यकाच्या इतिहासात अपवादात्मक नाही. परंतु त्यावरून प्रयोगाची रचना करताना ग्राहीचाही रोग प्रयोगात आणावा लागतो, हा धडा निश्चितपणे मिळतो.

आंतरराष्ट्रीय हृदय व फुप्फुस प्रत्यारोपण संस्थेच्या वतीने झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विचारविनिमयात रोपणानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील अपयशाची व्याख्या निश्चित करण्यात आली. ज्या अपयशाचे अन्य कारण सापडत नाही ते प्राथमिक. आणि अस्वीकार, फुप्फुसीय उच्च दाब अथवा शस्त्रक्रियेतील उपद्रव यांसारखे कारण ज्ञात आहे ते दुय्यम. या वर्गीकरणानुसार नोंदलेले कारण ग्राह्य धरता परळचे अपयश दुय्यम ठरते. म्हणजेच दोष रोपित हृदयाचा नव्हता. अर्धशतकापूर्वीच्या घटनेस हे नाव आता देता येते, ते केवळ मापनाच्या प्रगतीमुळे.

७. समारोप

१९६८ नंतर भारतात दीर्घ खंड पडला. मस्तिष्कमृत्यूस मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला. तो करण्याची विनंती करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा अंतर्भाव होता. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईत ते साधण्यास ऑगस्ट २०१५ उजाडावे लागले. तेव्हा पुण्याहून हृदय विमानाने आणण्यात आले होते. त्यानंतर काही महिन्यांतच औरंगाबादहून हृदय गेले.

नवी साधने आली तरी जुना प्रश्न मिटलेला नाही. दात्याचे हृदय बर्फात न ठेवता उबदार रक्त पुरवून धडधडत नेणारी यंत्रे आता काही देशांत वापरली जातात. रक्ताभिसरण थांबून मृत्यू पावलेल्या दात्यांची हृदयेही २०१४ पासून ऑस्ट्रेलियात व त्यापाठोपाठ इंग्लंडमध्ये अशा यंत्राच्या साहाय्याने उपयोगात आणली गेली. परंतु या यंत्रातील हृदयाची डावी जवनिका सामान्यतः रिकामीच असते. रक्त महारोहिणीत उलट दिशेने सोडले जाते, अगदी १८९५ सालच्या लांगेनडॉर्फ यांच्या रचनेप्रमाणे. म्हणून तेथेही हृदयाच्या सामर्थ्याचा प्रत्यक्ष अंक मिळत नाही. रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण वाढते की घटते, यावरून अनुमान करावे लागते. प्रवासात स्पंदन दिसते. कार्य दिसते ते ग्राहीच्या वक्षात गेल्यावरच.

या इतिहासाचा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराशी असलेला संबंध येथे स्पष्ट होतो. हृदय देणारे रुग्णालय आणि ते घेणारे रुग्णालय यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर अंतर असते. एका टोकास दात्याच्या हृदयाचे चित्रण होते. दुसऱ्या टोकास ग्राहीच्या फुप्फुसांतील रोधाची नोंद आधीच तयार असावी लागते. ही दोन मापने शेजारी शेजारी ठेवूनच ‘हे हृदय या रुग्णास’ असा निर्णय करता येतो. कोणतेही हृदय निरपेक्षपणे चांगले अथवा वाईट नसते. ते कोणत्या शरीरात, कोणत्या भाराविरुद्ध काम करणार आहे, यावर त्याचे कार्य ठरते. परळ येथे १९६८ साली तीन व चौदा तास जगलेल्या दोन रुग्णांनी हे सत्य दाखविले. आज विमानतळाकडे निघालेल्या प्रत्येक पेटीसोबत ग्राहीच्या फुप्फुसीय रोधाचा जो अंक विचारात घेतला जातो, त्यात त्या दोघांचा वाटा आहे.